आमच्या गल्लीत कोण सरकार?

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा महाराष्ट्राला पाठ आहे : दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल या दोन नावांसोबत ती राज्यभर पोचली. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेकडे आला. घोषणेच्या उत्तरार्धावर तेव्हापासून भरपूर लिहून झालं आहे. पूर्वार्ध मात्र सगळ्यांनी गृहीतच धरला. दिल्लीत सरकार आहे यात शंका नाही, उलट एकाला चार आहेत. पण दिल्लीतल्या एखाद्या गल्लीत सरकार कोण, हे तिथे तीस वर्षं राहिलेल्या माणसालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

ओल्ड राजेंद्र नगरातला पाऊस घ्या. करोल बागेला लागून असलेली ही वसाहत फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी वसवली गेली. आज ती स्पर्धा परीक्षांच्या क्लासेससाठी ओळखली जाते. लातूर, बीड, सांगलीकडची शेकडो मुलं तिथे पलंगभर खोल्यांत दिवस काढतात. तासभर पाऊस झाला की घोटाभर पाणी साचतं, आणि ते पाणी नक्की कोणाचं हा प्रश्न कायद्याच्या अभ्यासालाही पुरून उरेल. साठ फूट किंवा त्याहून रुंद रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, म्हणजे दिल्ली सरकारचा. त्याला मिळणारी अरुंद गल्ली महापालिकेची. पावसाळी नाली, रस्ता ज्याचा त्याची. तिच्या शेजारून जाणारी मैलावाहिनी दिल्ली जल बोर्डाची. ही नाली ज्या मोठ्या नाल्यात जाऊन पडते, तो बऱ्याचदा पाटबंधारे आणि पूरनियंत्रण खात्याचा. जमिनीचा विषय निघाला की दिल्ली विकास प्राधिकरण, म्हणजे डीडीए, आणि ते केंद्राच्या ताब्यात. पाण्यात अडकलेली वाहनं हलवायला येणारा पोलीस केंद्रीय गृहखात्याचा. पाणी बिचारं एकच असतं. ते एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जातं तेव्हा त्याला कुणी पावती मागत नाही.

२७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी हे पाणी एका क्लासच्या तळघरात शिरलं. तळघराला परवानगी साठवणुकीची होती, चालत होतं ग्रंथालय. तीन विद्यार्थी बुडून मेले. तळघरांतल्या बेकायदा अभ्यासिकांबद्दल एका विद्यार्थ्याने त्याच्या महिनाभर आधी महापालिकेकडे ऑनलाइन तक्रार केली होती आणि स्मरणपत्रंही पाठवली होती. म्हणजे नागरिकांचा सहभाग होता, अगदी नियमानुसार होता. ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. त्याच सुनावणीत न्यायालयाने दिल्लीतल्या अधिकारांच्या गुंत्यावर बोट ठेवलं आणि शहराच्या प्रशासकीय व आर्थिक रचनेचा नव्याने विचार करायला समिती नेमण्यास सांगितलं.

हा गुंता एका दिवसात झालेला नाही. डीडीए आलं १९५७ मध्ये. त्याच वर्षीच्या कायद्याने ७ एप्रिल १९५८ ला दिल्ली महानगरपालिका सुरू झाली. १९९१ च्या ६९व्या घटनादुरुस्तीने विधानसभा दिली, पण पोलीस, कायदा-सुव्यवस्था आणि जमीन हे तीन विषय बाहेर ठेवले. पुढच्याच वर्षी संसदेने ७३वी आणि ७४वी दुरुस्ती मंजूर केली आणि १९९३ पासून पंचायती व पालिकांना घटनेत जागा मिळाली. तीन लाखांहून मोठ्या शहरात प्रभाग समित्या हव्यात, असं ७४व्या दुरुस्तीने सांगितलं. दिल्लीने समित्या केल्या. मात्र एक समिती म्हणजे एक अख्खा झोन, आणि असे झोन बारा. २०११ च्या जनगणनेचा आकडा घेतला तर एका समितीच्या वाट्याला सरासरी तेरा लाखांहून जास्त माणसं येतात. हा पसारा कोल्हापूर शहराच्या दुपटीहून मोठा झाला, आणि त्याचं नाव प्रभाग समिती! तिच्यात नगरसेवक आणि नियुक्त सदस्य बसतात. साध्या रहिवाशाला खुर्ची नाही. गावांची गत याहून वाईट. दिल्लीच्या वेशीतल्या गावांत १९९० पासून निवडून आलेली पंचायतच नाही. देशभर ग्रामसभेचा गजर सुरू झाला, तेव्हा राजधानीतली गावं त्या यादीत नव्हती.

म्हणूनच दिल्लीत लोकसहभाग आला तो कायद्यातून नव्हे, योजनेतून. पहिली मोठी योजना म्हणजे शीला दीक्षित सरकारची ‘भागीदारी’, जानेवारी २००० मधली.

कल्पना सुटसुटीत होती. वसाहतींच्या रहिवासी संघटना, बाजारपेठांचे व्यापारी संघ आणि सरकारी खाती यांना एका सभागृहात बोलवायचं. गोल टेबलं मांडायची. प्रत्येक टेबलावर संघटनेचे पदाधिकारी, त्यांच्याच भागातला पालिकेचा अभियंता, जल बोर्डाचा अधिकारी, पोलीस ठाण्याचा माणूस. एरवी ज्याच्या दारात तीन चकरा माराव्या लागत तो साहेब दोन-तीन दिवस शेजारी बसून चहा पितो, ही त्या काळच्या दिल्लीत साधी गोष्ट नव्हती. सुरुवात वीस-एक संघटनांनी झाली. पुढे ही संख्या दीड हजारांच्या पलीकडे गेली. उद्यानांची देखभाल, पाणीपट्टी वसुली, पावसाचं पाणी साठवणं अशी कामं या टेबलांवरून मार्गी लागली. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही मिळाला. दिल्लीत ‘आरडब्ल्यूए’, म्हणजे रहिवासी संघटना, हा शब्द घरोघरी झाला तो याच काळात.

टेबलावर कोण बसत होतं, हे पाहिलं की चित्र बदलतं. रहिवासी संघटना म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था. तिचे सदस्य बहुधा घरमालक. भाडेकरूला पुष्कळ ठिकाणी मत नाही, धुणंभांडी करणाऱ्या बाईला तर प्रश्नच नाही. आणि सुरुवातीला बोलावणं गेलं ते नियोजित, मंजूर वसाहतींना. सरकारच्याच अंदाजानुसार २००० साली दिल्लीची जेमतेम चौथाई लोकसंख्या अशा वसाहतींत राहत होती. बाकीचे झोपडवस्त्यांत, पुनर्वसन वसाहतींत, लालडोऱ्याच्या (गावठाण हद्दीतल्या) गावांत आणि अनधिकृत वसाहतींत. या अनधिकृत वसाहतींपैकी १,७३१ ना मालकी हक्क देण्याची घोषणा २०१९ मध्ये झाली. तिथे राहणाऱ्यांचा सरकारी आकडा चाळीस लाखांच्या घरात होता. ज्यांच्याकडे आधीच नळ, दिवे आणि ओळखीपाळखी होत्या त्यांना सरकारदरबारी आणखी एक दार उघडून मिळालं, असं आशर घेर्टनर या अभ्यासकाने भागीदारीबद्दल मांडलं, ते नाकारणं अवघड आहे. वसाहतींना लोखंडी फाटकं बसली, फेरीवाल्यांना वेळा ठरवून दिल्या गेल्या. संघटनांच्या बैठकीत ‘बाहेरचे लोक’ हा विषय पत्रिकेवर असायचाच.

तरीही भागीदारीला नुसतं ढोंग म्हणून मोडीत काढता येत नाही. टेबलावर बसायला शिकलेली माणसं पुढे टेबल उलटवायलाही शिकली. २००२ मध्ये वीजवितरण खासगी कंपन्यांकडे गेलं होतं. २००५ मध्ये दरवाढ आली, तेव्हा वाढीव बिल भरणार नाही म्हणून याच रहिवासी संघटना उभ्या राहिल्या आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली रहिवासी भागातल्या दुकानांना टाळं लावायला सुरुवात झाली. त्या वेळी भागीदारीतले दोन भागीदार, रहिवासी आणि व्यापारी, समोरासमोर आले. कोणाचं ऐकायचं हे ठरवायची सोय त्या गोल टेबलात नव्हती. ती निवडून आलेल्या सभागृहात असते, आणि योजनेने नेमकं त्या सभागृहाला, म्हणजे महापालिकेला, वळसा घातला होता. नगरसेवक या योजनेवर पहिल्यापासून नाराज होते, त्यात नवल नाही. डिसेंबर २०१३ मध्ये काँग्रेसची सत्ता गेली आणि भागीदारी हळूहळू विरून गेली. मोडायला वेगळा कायदा करावा लागला नाही, कारण उभारायलाही केला नव्हता.

याच काळात यमुनेच्या पलीकडे वेगळा प्रयोग चालू होता. ईशान्य दिल्लीतली सुंदर नगरी ही पुनर्वसन वसाहत. तिथे कोणी गोल टेबलं मांडली नव्हती. दिल्लीचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा २००१ मध्ये आला, आणि ‘परिवर्तन’ या गटाने तो वापरून महापालिकेच्या कामांची कागदपत्रं मिळवली. या गटात अरविंद केजरीवाल आणि मनीष सिसोदिया होते. कामं ६८, रक्कम सुमारे १ कोटी ३० लाख. मग कार्यकर्ते कागद हातात घेऊन गल्लीगल्लीतून फिरले. कोणत्या नालीवर किती जाळ्या, कोणत्या कोपऱ्यावर कोणता हातपंप, हे लोकांना वाचून दाखवलं. बायका दारातून बाहेर येऊन मोजू लागल्या. कागदावर २५३ लोखंडी जाळ्या होत्या, नाल्यांवर सापडल्या ३०. मोटार बसवलेले हातपंप कागदावर २९, जमिनीवर १४. डिसेंबर २००२ मध्ये भरलेल्या जनसुनवाईत हे सगळं माइकवरून वाचलं गेलं आणि सत्तर लाखांच्या आसपासचा माल जाग्यावरच नाही असा हिशेब निघाला. जनसुनवाईची ही पद्धत राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेची. दिल्लीने ती उसनी घेतली.

नालीवरची जाळी मोजणं हा लोकसहभागाचा सगळ्यात खरा नमुना, असं म्हणायला हरकत नाही. त्याला निमंत्रण लागत नाही, आणि मोजणारा मालक आहे की भाडेकरू हे कोणी विचारत नाही. मर्यादा एवढीच की जाळी चोरीला गेली हे त्यातून कळतं; पुढची जाळी कुठे बसवायची हे ठरवण्याचा हक्क मिळत नाही.

तो हक्क द्यायचा, असं सांगत केजरीवालांचा आम आदमी पक्ष सत्तेवर आला. त्याच्या मुळाशी महाराष्ट्राची माती बरीच होती. अण्णा हजारे राळेगण सिद्धीतून रामलीला मैदानावर गेले हे सर्वांना ठाऊक आहे. पण केजरीवाल स्वराज्याची कल्पना समजावून देताना त्याच नगर जिल्ह्यातल्या पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारचा दाखला देत. नगरची ग्रामसभा दिल्लीत आली ती मोहल्ला सभा होऊन. २०१५-१६ च्या अर्थसंकल्पाला सिसोदियांनी ‘स्वराज बजेट’ नाव दिलं आणि स्वराज निधीसाठी २५३ कोटींची तरतूद केली. अकरा मतदारसंघ निवडले, प्रत्येकी वीस कोटी. एका मतदारसंघाचे चाळीसच्या आसपास मोहल्ले पाडले, म्हणजे मोहल्ल्यामागे पन्नास लाख. एप्रिल २०१५ मध्ये शामियान्यांत, उद्यानांत सभा भरल्या. लोकांनी कामं सुचवली आणि तिथल्या तिथे कौल घेतला. दिवे, नाल्या, कॅमेरे, बाकं, व्यायामाची साधनं असल्या मागण्या होत्या. यादी काही क्रांतिकारी नव्हती, आणि ती तशी असायलाही नको; गल्लीला गल्लीतलंच हवं असतं.

पुढे अख्ख्या दिल्लीचे २,९७२ मोहल्ले आखले गेले. पण लोकांनी मागितलेल्या नाल्या महापालिकेच्या, आणि महापालिका भाजपकडे. अधिकारी कोणाचे ऐकणार हा प्रश्न नायब राज्यपाल विरुद्ध निर्वाचित सरकार या खटल्यात. ऑगस्ट २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने नायब राज्यपालांच्या बाजूने कौल दिला. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो फिरवला. २०२१ मध्ये संसदेने कायदा बदलला. मे २०२३ मध्ये न्यायालयाने सेवांचा, म्हणजे अधिकाऱ्यांवरच्या नियंत्रणाचा, अधिकार दिल्ली सरकारला दिला, आणि काही दिवसांतच केंद्राने अध्यादेशाने तो काढून घेतला. या साठमारीत मोहल्ला सभांचं घोंगडं भिजतच राहिलं. मात्र सगळा दोष वरच्यांवर टाकणं हेही खरं नव्हे. हाती असलेल्या खात्यांपुरती का होईना, सभा नेमाने भरवायची सवय पक्षाने लावली असती तर तिला कोणी अडवलं नसतं. डिसेंबर २०२२ मध्ये महापालिकाही त्याच पक्षाकडे आली, पण मोहल्ला सभा काही परतली नाही. आमदाराला आणि नगरसेवकाला, पक्ष कोणताही असो, पन्नास लाखांचा निर्णय शामियान्यात झालेला फारसा रुचत नाही.

त्या महापालिकेचीच कहाणी वेगळ्या लेखाचा विषय आहे. २०१२ मध्ये तिचे तीन तुकडे झाले. गरीब पूर्व दिल्लीच्या वाट्याला उत्पन्न कमी आणि कचरा तेवढाच. पगार थकले की सफाई कामगार संपावर आणि कचरा रस्त्यावर, असं अनेकदा झालं. २२ मे २०२२ ला तुकडे पुन्हा जोडले आणि प्रभाग २७२ वरून २५० झाले. डिसेंबरच्या निवडणुकीत निम्म्या मतदारांनी मतदान केलं, ‘आप’ला १३४ जागा मिळाल्या. तरी महापौर बसायला २२ फेब्रुवारी २०२३ उजाडावा लागला. नियुक्त सदस्यांनी मत द्यायचं की नाही यावरून तीन वेळा सभागृहात गोंधळ झाला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ म्हणून सांगितलं. स्थायी समिती तर जून २०२५ पर्यंत झालीच नाही. त्या काळात पाच कोटींवरच्या कंत्राटांना या समितीची मंजुरी लागत होती. म्हणजे माणसं निवडून दिली, आणि अडीच वर्षं तिजोरीची किल्लीच नाही.

यमुना ओलांडून नोएडात गेलं तर तेवढाही घोळ नाही, कारण तिथे निवडणूकच नाही. आणीबाणीत, १७ एप्रिल १९७६ ला उत्तर प्रदेशच्या औद्योगिक क्षेत्र कायद्याखाली नोएडा प्राधिकरण झालं. ७४व्या दुरुस्तीने औद्योगिक नगरींना पालिकेतून सूट ठेवली आणि नोएडा त्या फटीत बसलं. लाखो लोकांचं शहर, मेट्रो, चकाचक मॉल, पण नगरसेवक एक नाही. कारभार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा. प्राधिकरणात आलेल्या गावांच्या पंचायतीही गेल्या.

नगरसेवक नसलेल्या शहरात माणूस तक्रार घेऊन कोर्टात जातो. सेक्टर ९३-अ मधल्या सुपरटेक एमराल्ड कोर्टच्या रहिवाशांनी तेच केलं. नकाशात मोकळी जागा दाखवलेली, तिथे अपेक्स आणि सियान हे दोन मनोरे चढू लागले. रहिवासी संघटनेने वर्गणी काढली, वकील केला. २०१४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिला. ३१ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम करताना प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांचं आणि बिल्डरचं साटंलोटं स्पष्ट शब्दांत नोंदवलं. २८ ऑगस्ट २०२२ च्या दुपारी सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी दोन्ही मनोरे काही सेकंदांत बसले. देशभर ते टीव्हीवर पाहिलं गेलं. प्राधिकरणाच्या बैठकीत प्रश्न विचारायला एखादा निवडून आलेला माणूस असता, तर कदाचित पाचव्या मजल्यावरच थांबलं असतं ते बांधकाम. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोएडाला महानगरपालिकेचं रूप देता येईल का याचा विचार करा, असं उत्तर प्रदेश सरकारला सुचवलं.

गुरुग्रामची तऱ्हा तिसरी. तिथे महापालिका २००८ मध्ये झाली, पहिली निवडणूक २०११ मध्ये. दुसऱ्या सभागृहाची मुदत २०२२ अखेरीस संपली आणि पुढचं मतदान मार्च २०२५ मध्ये. मधल्या काळात आयुक्तच सर्वेसर्वा. याच शहरात नागरिकांच्या पुढाकाराने उजाड खाणींच्या जागी अरवली जैवविविधता उद्यान उभं राहिलं, देशातला पहिला ‘राहगिरी दिवस’ २०१३ मध्ये भरला. लोकांना उत्साह नाही असं म्हणायची सोयच नाही.

महाराष्ट्राने यावर हसू नये. मुंबई-पुण्यात मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक बसले. चार महिन्यांत निवडणुका घ्या असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला मे २०२५ उजाडला. पुण्याने २००६ पासून नागरिकांकडून अर्ज मागवून सहभागी अंदाजपत्रक चालवलं, पण एका कामाला मर्यादा पाच लाखांची. पालिकेच्या पसाऱ्यात ती चिमूटभर. २०१७ च्या निवडणुकीत पुणेकरांना एका प्रभागात चार-चार नगरसेवक मिळाले. नळाला पाणी आलं नाही तर चौघांपैकी कोणाच्या दारात जायचं, हे ओल्ड राजेंद्र नगराइतकंच अवघड.

जगातही हीच कथा दोन तऱ्हांनी घडलेली दिसते. ब्राझीलमधल्या पोर्तु अलेग्री शहराने १९८९ मध्ये अंदाजपत्रक लोकांच्या सभांतून ठरवायला सुरुवात केली आणि ती पद्धत शेकडो शहरांनी उचलली. खुद्द पोर्तु अलेग्रीत ती २०१७ मध्ये स्थगित झाली. बोलिव्हियाने १९९४ मध्ये कायद्यानेच राष्ट्रीय महसुलाचा पाचवा हिस्सा पालिकांना बांधून दिला. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम काढून योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे दिला. २००१ मध्ये तिथे सरकार बदललं, मोहिमेचं नाव बदललं, पण पैसा खालीच जात राहिला, कारण एव्हाना तो पैसा ही पंचायतींची हक्काची मिळकत झाली होती. दिल्लीतल्या दोन्ही योजनांत लोकांना बोलायला मिळालं, एकीत खर्चायलाही थोडं मिळालं. पण ते मागे घेता येणार नाही, अशी तजवीज कोणीच केली नाही.

आणि ज्यांना मोजलंच गेलं नाही, ते वेगळेच. करोल बागेत आणि चांदणी चौकाकडे विटा-खानापूरची गलाई व्यवसायातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळतात. त्यांच्यातल्या कित्येकांचं मतदान अजून गावाकडे. सरपंचाची निवडणूक लागली की रेल्वेचं तिकीट काढून माणूस जातो, मत टाकतो आणि परत भट्टीपाशी येतो. ओल्ड राजेंद्र नगरातल्या मुलाचंही तसंच. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत त्याच्या गावात पाणंद रस्त्यावरून हातघाई चाललेली असते, त्याचा व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर येतो. तो खोलीत बसून ७४व्या घटनादुरुस्तीची टिपणं काढत असतो, आणि खाली गल्लीत पाणी भरलेलं असतं.